फारमॉल एम ट्रॅक्टरचे मागचे टायर बदलू की हवा कमी करू? लवकर सांगा

मक्याचा_देश: लोकहो, घाईत आहे. शनिवारी कौंटी फेअरला अँटिक ट्रॅक्टर पुलिंग आहे, शेजारच्या आजोबांचा १९५० चा फारमॉल एम मी चालवणार. मागचं उजवं चाक आधीच गरागरा फिरायला लागतं, गेल्या वेळी अर्ध्या ट्रॅकवर खेळ खल्लास. टायर १३.६-३८ (१३.६ इंच रुंद, ३८ इंची रिमचे) आहेत, एकाकडे जुने १५.५-३८ मिळतायत, नक्षी मस्त उंच आहे. घेऊ का? लेक्चर नको प्लीज.

पिओरियाकर: वजनाचा क्लास कुठला? हवा किती? रिम किती रुंद? वजनासाठी टायरात पाणी भरलंय का? काहीच न सांगता आम्ही काय ज्योतिष बघायचं?

सांगलीचा_गडी: हे पंजाबात टोचन करतात तेच ना?

मक्याचा_देश: नाही हो दादा, इथे दोन ट्रॅक्टर एकमेकांना ओढत नाहीत. मागे स्लेड म्हणजे वजन लादलेली घसरगाडी असते, आपण पुढं जाऊ तसं तिच्यावरचं वजन पुढं सरकत येतं आणि ओढणं जड होत जातं, ३०० फूट गेलात की फुल पुल, म्हणजे पूर्ण ट्रॅक ओढला. पिओरियाकर, क्लास ५५०० पौंड, हवा १४ पौंडांच्या आसपास असेल. रिमचा काय संबंध?

लोखंडी_बैल: संबंध नाही कसा? १५.५ उंचीला जवळपास १३.६ एवढाच, पण रुंद. तुमच्या रिम अरुंद असतील तर टायर मधे फुगणार, दोन्ही कडा जमिनीला नीट टेकणार नाहीत, मग रुंदीचे पैसे कशाला घालवायचे? आणि नुसती उंच नक्षी बघून भुलू नका, जुनं रबर दगड झालेलं असतं, नख दाबून बघा. मी तर लगच्या (नक्षीच्या उंच पट्ट्यांच्या) कडा कापून धारदार करतो, माती अशी धरतो टायर की बास.

हवा_काढा: कापाकापी बऱ्याच क्लबांत काही क्लासला चालत नाही, उगाच बाद व्हाल. सरळ ८ वर आणा, टायर पसरतो, झालं काम.

लोखंडी_बैल: आणि रिम आतल्या आत फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटला की? माझा तुटलाय भर ट्रॅकवर. कमी करायचीच तर एकेक पौंड करा, टायर आणि रिमवर मिळून खडूची रेघ मारा, रेघ तुटली म्हणजे टायर सरकला.

हवा_काढा: आम्ही इतकी वर्षं ८ वरच ओढतोय, आमचा नाही तुटला कधी.

जुनं_ते_सोनं: टायरवरून आठवलं, १९३२ मध्ये अॅलिस-चाल्मर्सने हवेचे टायर घातलेला ट्रॅक्टर विकायला काढला तोवर शेतात बहुतेक लोखंडी चाकंच. लोकांचा विश्वास बसेना म्हणून १९३३ ला बार्नी ओल्डफील्ड या रेसरने तसला ट्रॅक्टर ताशी ६४ मैलांनी पळवून दाखवला!!

सांगलीचा_गडी: भारीच की. महिंद्रापण ट्रॅक्टरच्या धंद्यात सुरुवातीला फारमॉल बनवणाऱ्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबरच होती, म्हणजे तुमचा फारमॉल आमच्या घरातलाच. बरं माझ्या महिंद्रा ५७५ ट्रॅक्टरला १३.६-२८ चे टायर आहेत, चिखलणीला १४.९ घालू का?

पिओरियाकर: गडी, वेगळा धागा काढा. मक्याचा देश, टायरचं नंतर बघू, एकच चाक आधी का सुटतं ते बोला. डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअर) उघडं, म्हणजे लॉक नसलेलं असलं की हलकं चाक फिरतं आणि दुसरं नुसतं बघत बसतं. दोन्ही टायरांचा घेर टेपने मोजा. मग व्हॉल्व्ह खाली येईल असं चाक फिरवून पिन दाबा, पाणी येतं का बघा.

मक्याचा_देश: आत्ता बघून आलो. घेर सारखाच, पाव इंचाचा फरक. पण डाव्या व्हॉल्व्हमधून पाणी उडालं, रिमच्या कडेला पांढरं मीठ साठून पत्रा पापडासारखा सुटलाय. उजवा कोरडा ठणठणीत! आजोबा म्हणाले उजवी ट्यूब बदलली तेव्हा परत भरलंच नव्हतं.

पिओरियाकर: मिळालं. ते कॅल्शियम क्लोराइडचं पाणी. आता डावीकडचंही काढून टाका, पिंपात धरा, गवतावर सोडलंत तर गवत जळेल. तेवढं वजन लोखंडी वेट्सने पुढे लावा, ते हलवता येतं, पाणी हलत नाही. ओढताना ट्रॅक्टरचं उचलणारं नाक खाली बसेल. मग दोन्हीकडे १२-१२ हवा ठेवून एकदा ओढून बघा. १५.५ चे पैसे खिशात राहू देत.

लोखंडी_बैल: कडा तरी धारदार करा.

मक्याचा_देश: क्लबवाल्याला विचारलं, या क्लासला कापलेले टायर चालत नाहीत. पाणी उद्या काढतो. कुणाकडे फारमॉलचे पुढचे वेट्स आहेत का, शुक्रवारपर्यंत? उसने चालतील.

सांगलीचा_गडी: १४.९ चं कुणीच सांगितलं नाही.