मदत हवी आहे: सासूबाईंची एकादशी, मधुमेहाची गोळी आणि नैवेद्य

माझं माहेर बार्शीचं, वारकरी. सासर सोलापूरचं, देशस्थ माध्व, म्हणजे मध्वाचार्यांच्या संप्रदायातलं. आता आम्ही सगळे पुण्यात असतो. दोन्ही घरांत एकादशी निष्ठेनं होते, पण ताटात एवढा फरक असेल हे लग्नाआधी माहीत नव्हतं.

माहेरी एकादशीला पांडुरंगाला साबुदाण्याच्या खिचडीचा नाहीतर भगर आणि दाण्याच्या आमटीचा नैवेद्य, मग सगळ्यांचा फराळ. दुसऱ्या दिवशी वरणभात करून बारस सोडायची. सासरी त्या दिवशी देवाला नैवेद्यच नसतो. पूजा झाली की एकदा तीर्थ घ्यायचं, बस्स. फराळाचं काही घरात शिजत नाही. भगरीला सासूबाई हातही लावत नाहीत. "वऱ्याचे तांदूळ म्हणतात ना, नावातच तांदूळ आहे," असं म्हणतात. शिवाय आदल्या दिवशी दशमीचं एकभुक्त, म्हणजे एकदाच जेवण. द्वादशीला मात्र पहाटे चारला उठून सोवळ्यात पूर्ण स्वयंपाक, देवाला नैवेद्य आणि उजाडता उजाडता पारणं. तुळससुद्धा आधीच खुडून ठेवलेली असते, कारण द्वादशीला ती तोडायची नाही.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या एकादशीला सकाळची गोळी त्यांनी घोटभर पाण्याबरोबर घेतली, कारण गोळी चुकवायची नाही एवढंच त्यांच्या लक्षात होतं. दुपारी चारच्या सुमारास घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. घरच्या मशीनवर साखर ५८. मी साखरेचं पाणी पाजलं. तासाभरानं बरं वाटलं, पण मग त्या देवघरासमोर बसून रडल्या. "चाळीस वर्षांची एकादशी मोडली," म्हणाल्या. ते रडणं डोळ्यांसमोरून जात नाही.

मला त्यांचं व्रत मोडायचं नाही, ते सांभाळायचं आहे. म्हणून माध्व घरांतल्या जाणकारांना विचारते. निर्जळ झेपत नसेल तर तुमच्याकडे काय चालतं? आणि ते देवाला दाखवायचं की नाही? आमच्याकडे देवाला दाखवल्याशिवाय कुणी काही तोंडात घालत नाही. एकादशीला देवाला काही दाखवायचं नाही आणि आईंना खायला तर द्यायचं, हे कसं जमवू?

मुलगा सहा वर्षांचा आहे, त्याच्या डब्याचाही तोच प्रश्न.

कृपया "उपास सोडून द्या" एवढंच लिहू नका. ते त्या ऐकणार नाहीत, आणि मलाही ते सांगायचं नाही.

प्रतिसाद १
ताई, आमचंही माध्व घर, विजापूरकडचं. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हेच झालं होतं. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्य (होमाचं अन्न), ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. औषध त्यात स्पष्ट शब्दांत आहे. म्हणजे त्या दिवशी तुम्ही दिलेलं साखरेचं पाणी औषधच होतं, एकादशी मोडलेली नाही. हे त्यांना नक्की सांगा.

आम्ही सासऱ्यांना दूध आणि फळं देत होतो. भगर, साबुदाणा नाही. पण सुनेनं सांगितलेलं पटत नाही, मुलानं सांगितलेलंही नाही. तुमच्या मठातल्या आचार्यांकडून सांगून घ्या. गुरूचं वचन त्या आठांतच येतं. मुलाची काळजी नको, आठ वर्षांच्या आतल्यांना एकादशीचा नियमच नाही. आमच्याकडे लहानांचं वेगळ्या भांड्यात करतात आणि देवघराकडे नेत नाहीत.

प्रतिसाद २
मी परिचारिका आहे, त्यामुळे नैवेद्याबद्दल नाही, गोळीबद्दल लिहिते. दशमीला दुपारी एकला जेवण आणि द्वादशीला सकाळी साडेसहाला पारणं, म्हणजे एकेचाळीस तासांहून जास्त पोट रिकामं. त्यात काही गोळ्या पोटात अन्न नसलं तरी साखर खाली ओढतातच. एकादशीची गोळी घ्यायची का, किती घ्यायची, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. मनानं बंद करू नका आणि मनानं देऊही नका. मशीनवर आकडा ७० च्या खाली दिसला की तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखान्यात न्या. आणि साबुदाणा चालत नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. तो जवळजवळ सगळा पिष्टच, त्यांची साखर भरकन चढवेल. दूध त्यापेक्षा बरं.

मूळ धागालेखिका
दोघींचे मनापासून आभार. काल रात्री आईंशी बोलले. आठ गोष्टींचं सांगितलं तर गप्प ऐकून घेतलं. मग मी माहेरची गोष्ट काढली. बार्शीला भगवंताचं देऊळ आहे, अंबरीष राजाचं म्हणून आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. द्वादशी संपत आली, दुर्वास ऋषी स्नानाहून परतेनात, तेव्हा अंबरीषानं नुसतं पाणी घेऊन पारणं केलं, कारण पाणी पिणं म्हणजे खाल्लंही आणि न खाल्लंही. भागवताच्या नवव्या स्कंधातलं आहे, आईंना पाठ आहे. त्या म्हणाल्या, "ते पारण्याचं झालं, एकादशीचं नाही." बरोबर आहे त्यांचं. पण थोड्या वेळानं स्वतःच म्हणाल्या, "आचार्यांना फोन लाव."

आचार्यांनी दूध आणि एक फळ घ्यायला सांगितलं. दशमीला रात्रीही दूध घ्या म्हणाले. डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली आहे. फक्त दुधाला तीर्थातली तुळस लावून द्यायचं की तसंच, हे विचारायचं राहिलं. प्रतिसाद १ वाल्या ताई, तुमच्याकडे सासऱ्यांना कसं देत होतात? एकादशी शुक्रवारी आहे.