ससा रात्रीपासून खात नाही

बी-३०२: नमस्कार. ससा काल रात्रीपासून खात नाहीये, गाजरही हुंगून सोडलं. कोपऱ्यात अंग चोरून बसलाय. उद्यापर्यंत वाट बघू का?

ए-७०४: अजिबात नको! लेंड्या कशा आहेत?

बी-३०२: चार-पाचच, मुगाएवढ्या. एरवी वाटाण्याएवढ्या असतात.

ए-७०४: आतडं मंदावलंय. १०-१२ तास पोटात काही गेलं नाही की आतड्याची हालचाल थांबते, गॅस धरतो, मग दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. सशाला उलटीही होत नाही. आत्ताच डॉक्टरांकडे न्या, पण आधी फोन करून ससे बघतात का ते विचारा. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन (अँटिबायोटिक) तोंडाने देऊ नका, आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावतो. पोट टम्म असेल तर भरवायलाही जाऊ नका.

सी-१०१: कान गार आहेत की गरम?

बी-३०२: गार.

सी-१०१: मग टॉवेलमध्ये गुंडाळून न्या. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचा भाग लोंबकळला आणि त्याने लाथ झाडली तर कणा मोडतो.

ए-७०४: रोज काय खातो?

बी-३०२: गाजर, पोळी, वाटीभर पेलेट (तयार खाद्याच्या गोळ्या).

ए-७०४: गवतच नाही! दुखणं बहुधा तिथंच आहे. सशाचे दात आणि दाढा आयुष्यभर वाढतात, गवत चघळूनच झिजतात. आहारात ८०-८५ टक्के गवत हवं, रोज त्याच्या अंगाएवढा ढीग. पोळी बंद. गाजर बोटाच्या पेराएवढं, तेही कधीतरी. पेलेट किलो वजनामागे एक मोठा चमचा. लसूणघास (अल्फाल्फा चारा) सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांनाच, मोठ्यांना त्यातल्या कॅल्शियमने मूतखडा होऊ शकतो.

सी-१०१: सोसायटीच्या लॉनवरचं मात्र नको, फवारणी असते.

बी-३०२: डॉक्टरांनी बघितलं. खालच्या दाढेला टोक आलंय, जिभेला टोचतंय. घासणार आहेत. एकटा असतो म्हणून मादी आणायचा विचार होता.

ए-७०४: जोडी हवीच, पण आधी नसबंदी. नराची झाल्यावरही सहा आठवडे वेगळे ठेवा. पिल्लं ३१ दिवसांत होतात आणि मादी त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. तिचीही करा, न केलेल्या माद्यांत गर्भाशयाचा कॅन्सर फार आढळतो. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवायचं नसतं, कुणी सांगितलं तर परत विचारा.

बी-३०२: गवत कुठे मिळेल?

सी-१०१: वाळलेलं ऑनलाइन. ताजी हरळी फुलवाल्याकडे, दूर्वा म्हणजे तीच. देवाची जुडी पुरणार नाही, अख्खी पेंडी सांगून ठेवा. माती धुऊन, निथळून द्या.