एलव्हीएनवरून आरएन होण्याआधी
अमेरिकेत एलपीएन म्हणजे लायसन्स असलेली प्रॅक्टिकल नर्स, आणि आरएन म्हणजे तिच्या वरच्या पातळीची रजिस्टर्ड नर्स. "हॉस्पिटलं एलपीएनना घेत नाहीत, हा पेशा संपला, थेट आरएन करा" असं या चर्चेत वर दोघांनी लिहिलंय. हॉस्पिटलांचं बरंचसं खरं आहे, पण पेशा संपलेला नाही. काम वृद्धांच्या नर्सिंग होमकडे सरकलंय (आपल्याकडचं छोटं खाजगी हॉस्पिटल नव्हे). मी कॅलिफोर्नियात अशाच ठिकाणी सहा वर्षं रात्रपाळी केली. इथे आम्हा एलपीएनना एलव्हीएन म्हणतात. औषधांची ट्रॉली, इन्सुलिन, जखमांचं ड्रेसिंग, रात्री दोनला घाबरून उठलेल्या आजी, सगळं माझ्याकडेच. नोकरीची भीती कधी वाटली नाही, पगार मात्र फारसा हलला नाही.

ज्यांना पुढे आरएन व्हायचंय त्यांनी एक गोष्ट नीट तपासा, ती या चर्चेत अजून आलेली नाही. कॅलिफोर्नियात एलव्हीएनसाठी '३० युनिट'चा (युनिट म्हणजे कॉलेजचं क्रेडिट) मार्ग आहे. थोडक्या अभ्यासक्रमात आरएनच्या परीक्षेला बसता येतं, पण पदवी मिळत नाही आणि ते लायसन्स दुसऱ्या राज्यात चालेलच असं नाही. माझ्या मैत्रिणीला हे कळलं ते नवऱ्याची बदली झाल्यावर, सामान बांधून झालं होतं तेव्हा.