संक्रांतीचा काळा ड्रेस: बांधा बघून घ्यावा की आवडेल तो?

गोदाकाठ (पैठण)
संक्रांत आली की संभाजीनगरच्या गुलमंडीपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत दुकानांत काळे कपडे टांगलेले दिसतात. आणि जी ती म्हणते, "काळ्यात कुणीही बारीकच दिसतं." मला हे पटत नाही. काळा रंग कापडावरच्या सावल्या गिळतो, म्हणून आतले उंचसखल भाग कमी जाणवतात. पण बाहेरची कड तो ठसठशीत करतो. चुना दिलेल्या भिंतीपुढं उभं राहा, खांदा कुठं संपतो आणि कंबर कुठं वळते हेच आधी दिसेल. म्हणून आधी बांधा बघावा.

कंबरेखाली अंग भरलेलं असेल तर ए-लाइन (वर बेताचा, खाली पसरत जाणारा काप) घ्या, आणि कुर्ता नितंबाच्या सगळ्यांत रुंद जागी संपू देऊ नका. पोट असेल तर छातीखाली योक (वेगळी जोडलेली पट्टी); चुण्या पोटावर नकोत. खांदे रुंद असतील तर व्ही गळा, फुग्याची बाही नको. अंग सरळ, सडपातळ असेल तर कळ्यांचा (खाली रुंद होत जाणाऱ्या तुकड्यांचा) घेर किंवा पट्टा शोभतो. उंची कमी असेल तर वर-खाली सगळं काळंच.

लातूरची_लेक
ताई, माझा पूर्ण विरोध. संक्रांतीला काळं नेसायचं ते थंडीत ऊब म्हणून आणि एरवी सणाला वर्ज्य असलेला रंग त्या दिवशी हक्काचा म्हणून. नव्या नवरीला चंद्रकळा, म्हणजे काळी साडी, नेसवतात, अंगावर हलव्याचे दागिने घालतात, तेव्हा तिचा बांधा कोण मोजतं? माझ्या भाचीला दुकानात तिच्या तोंडावर म्हटलं, "पोट झाकंल असं दाखवा हिला." पोरीनं त्या दिवशी काहीच घेतलं नाही. तुमची यादी अशीच वापरली जाते. १९२६ मध्ये अमेरिकी 'व्होग' मासिकानं फ्रेंच फॅशनकार कोको शनेलच्या साध्या काळ्या ड्रेसचं चित्र छापलं आणि त्याला फोर्ड मोटारीची उपमा दिली. म्हणजे सगळ्यांना चालणारा!

गोदाकाठ (पैठण)
भाचीशी जे झालं ते वाईटच. पण शनेलचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो ड्रेस त्या काळच्या सरळसोट, कंबर न दाखवणाऱ्या कापाचा होता. सरळ अंगाला तो सुरेख बसतो. भरल्या छातीवर तोच पोत्यासारखा लोंबतो. एकच काप सगळ्यांवर लादणं ही जास्त सक्ती नाही का?

वजिराबादचा_वाचक
थोडं शास्त्र. पांढऱ्यावरचा काळा चौकोन तेवढ्याच मापाच्या, काळ्यावरच्या पांढऱ्या चौकोनापेक्षा लहान वाटतो, हे खरं आहे. पण 'आडव्या रेघांनी जाड दिसतं' हे मात्र पक्कं धरू नका. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं १८६७ मध्येच नोंदवलं होतं, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उलट उंच वाटतो.

शिवणघर_परभणी
दोघींचंही अर्धंच बरोबर आहे. मी रोज बायकांची मापं घेते म्हणून सांगते. काळ्या ड्रेसमध्ये बांध्याआधी कापड. सॅटिन चमकतं, उजेड नेमका पोटावर आणि मांडीवर पडतो. मग कितीही चांगला काप द्या, काळ्याचा फायदा गेला. क्रेप, जाड सुती, मऊ रेयॉन घ्या. मखमल सकाळच्या गारठ्यात छान, पण आपल्याकडं जानेवारीतही दुपारी ऊन चटकायलंय, आणि हळदीकुंकू असतं तेव्हाच.

दुसरं, खांदा. रेडिमेड घेताना अंगाचा सगळ्यांत भरलेला भाग ज्यात मोकळा बसतो ते माप घ्या, बाकीचं आत घेता येतं. पण खांदा ढिला असेल तर सोडून द्या, तो दुरुस्त करायचा म्हणजे बाही उसवून सगळं नव्यानं बसवावं लागतं. भरल्या छातीला प्रिन्सेस कट (छातीवरून खाली उभ्या शिवणी देऊन अंगाबरोबर बसवलेला काप) सांगा. आत माया, म्हणजे शिवणीत जादा कापड, ठेवायला सांगा, पुढच्या वर्षी उसवता येईल. अस्तर काळंच हवं, नाही तर चालताना कुर्त्याच्या बाजूच्या कटातून पांढरं दिसतं. आणि कुर्ता-सलवारचं काळं कापड एकाच वेळी, दारात उजेडात धरून घ्या. दुकानाच्या दिव्याखाली एक हिरवट आणि एक निळसर काळा आहे हे कळत नाही.

लातूरची_लेक
हे मला पटायलंय, कारण यात बाई बदलायची नाही, कपडा बदलायचा आहे. तरी ताई, "नको", "नकोत" ही भाषा सोडा. रुंद खांद्याच्या पोरीला फुग्याची बाही आवडत असेल तर?

गोदाकाठ (पैठण)
तर खुशाल घालावी, पण आरशात बघून, सगळ्या घालायल्यात म्हणून नाही. "काळ्यात सगळं खपतं" म्हणून पैसे घालवलेल्या मुली मी बघते, तो ड्रेस परत अंगाला लागत नाही. यावर मी ठाम आहे.

शिवणघर_परभणी
एक राहिलंच. जुन्या पैठणीचे काठ काळ्या ड्रेसला लावायला बऱ्याच जणी आणतात. काठ नितंबावर गोल फिरवला की सगळ्यांची नजर तिथंच थांबते. तिथं नको असेल तर गळ्यापासून खाली समोरच्या पट्टीला उभा लावा, उरलेला बाहीच्या टोकाला. आणि आधी काठ ओल्या पांढऱ्या फडक्यानं पुसून बघा, रंग सुटत असेल तर काळ्यावर चालेल, पण तो ड्रेस घरी धुऊ नका.