गोसीखुर्दच्या पाण्यातली ३६ फुटी जुनी मोटर यॉट: इंजिनं बांधून घ्यायची की बदलायची?

अंभोरा_घाट:
नमस्कार जी. फायबरची ३६ फुटी केबिन बोट आहे, माणसं-डिझेल धरून वजन साधारण ८ टन. आधी समुद्रात चाललेली, नंतर ट्रेलरवर इकडे आणलेली. इंजिनं दोन, कमिन्स ६बीटीए ५.९, प्रत्येकी २७० एचपी, प्लेटवर २६०० आरपीएम. मीटर ४,१०० तास दाखवते, पण मधल्या काळात ते बंद होतं असं समजते.

डावं इंजिन सकाळी चालू केलं की पाच-सात मिनिटं पांढरा-निळसर धूर सोडते. दहा तासांत लिटरभर ऑइल खाते. गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर १२ पीएसआय. उजव्याचं ऑइल ठीक आहे, प्रेशर १८. पूर्ण रेस दिली तरी डावं २३०० ला आणि उजवं २३५० ला थांबते, मागून काळा धूर. यंदा इकॉर्नियानं (जलपर्णीनं) दोनदा पाण्याची गाळणी चोंदली, तेव्हा डाव्याचं टेंपरेचर ९८ ला गेलं होतं. एरवी पर्यटक घेऊन १२ ते १४ किमी वेगानंच चालते.

मिस्त्री म्हणतात दोन्ही इंजिनं खोला. नव्या दोन इंजिनांचं कोटेशन या कामाच्या साडेतीन पट आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की बोट घाटावर घेता येईल. काय करावं?

डिझेल_तुमसर:
भाऊ, आधी ते २३०० आणि २३५० पाहा. दोन इंजिनं एकसारखी झिजत नाहीत. दोन्ही अडीचशे-तीनशे आरपीएमनं कमी पडतात आणि काळा धूर देतात, तेव्हा दोष बहुतेक इंजिनाबाहेर असतो: पंख्याचं (प्रोपेलरचं) पिच, म्हणजे एका फेरीत पुढं जायचं अंतर, जास्त; बोटीचं वजन वाढलेलं किंवा बुडाला शेवाळ. फोटो टॅकोमीटर लावून आकडे खरे आहेत का ते तपासा, जुनी मीटरं फसवतात. खरे निघाले तर पंखा उतरवून पिच कमी करून घ्या. एक इंच पिच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. पूर्ण रेसवर, भरल्या बोटीत, २६०० किंवा त्याच्या थोडं वर गेलंच पाहिजे. तिथं न पोचणारं इंजिन समुद्रात वर्षानुवर्षं दामटलं असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टनचं डोकं तापून खराब झालेलं असू शकते. पंखा तसाच ठेवून नवी इंजिनं बसवली तर तीही त्याच वाटेनं जातील.

दुसरी गोष्ट आफ्टरकूलर. बोट समुद्रातली आहे, म्हणून हा प्रश्न पहिला. ६बीटीए मध्ये टर्बोची गरम हवा थंड करायला बाहेरचंच पाणी आफ्टरकूलरमधून फिरते. खाऱ्या पाण्यानं कोअर (आतला नळ्यांचा गठ्ठा) आतून खाल्ला जातो आणि पाणी थेंबाथेंबानं इनटेकमध्ये उतरते. बंद उभ्या इंजिनात ते सिलिंडरपर्यंत जाऊन बोअर (सिलिंडरची आतली भिंत) आणि व्हॉल्व्ह सीट गंजवते. सकाळचा पांढरा धूर त्याचाच असू शकतो. कोअर बाहेर काढा, पाण्याची बाजू बंद करून २० पीएसआयच्या आसपास हवा द्या आणि टाकीत बुडवा. एकही बुडबुडा चालणार नाही. परत बसवताना ओ-रिंग आणि बसायच्या जागांना भरपूर मरीन ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वेळी कोअर निघता निघणार नाही.

ऑइल खाण्याचंही कारण एकच नसते. पंख्याला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाप्रमाणे वाढते. २६०० ला २७० एचपी लागत असेल तर १३०० ला त्याचा आठवा हिस्सा, म्हणजे ३४ एचपी. तुमचं रोजचं चालणं याच्याच आसपास आहे. इतक्या हलक्या लोडवर महिनोन्‌महिने चाललं की पिस्टनच्या रिंगा नीट दबत नाहीत, बोअरवर चकाकी चढते आणि ऑइल वर येते. बोअर झिजला असेल तर बोअरिंग, म्हणजे तो कातून मोठा करणं, लागेल. नुसती चकाकी असेल तर होनिंग (दगडानं हलकं घासणं) आणि नव्या रिंगांवर भागते. खोलल्याशिवाय फरक कळत नाही, पण कॉम्प्रेशनवरून अंदाज येतो. इंजेक्टर काढून डमी अ‍ॅडाप्टर लावा आणि सहाही सिलिंडर गरम इंजिनावर मोजा. सगळ्यात चांगल्या आणि सगळ्यात वाईट सिलिंडरात १५ टक्क्यांहून जास्त फरक असेल तर खोलायचंच.

नवीन ऑइल टाकून २५-३० तास चालवा, मग गरम असताना नमुना काढून लॅबला पाठवा. शिसं आणि तांबं वाढलं तर बिअरिंग, सिलिकॉन म्हणजे धूळ, सोडियम म्हणजे कूलंट किंवा खारं पाणी. दोन्ही इंजिनांचे नमुने वेगळे द्या. उजवं तुमचं तुलनेचं माप आहे.

तुमचे ऑइल प्रेशरचे आकडे अजून मर्यादेत आहेत. या इंजिनाला गरम आयडलवर किमान १० आणि पूर्ण आरपीएमवर किमान ३० पीएसआय लागते. डाव्याचं १२ म्हणजे काठावर आहे, पण साध्या मेकॅनिकल गेजनं ताडून पाहिल्याशिवाय त्यावर निर्णय नको.

लेथ_पवनी:
वरचं सगळं बरोबर. खोलायची वेळ आली तर मशीनच्या बाजूनं सांगतो.

आपल्या भागातल्या मिस्त्र्यांना ट्रॅक्टरची सवय असते: जुना लाइनर (सिलिंडरमधली बदलता येणारी नळी) काढा, नवी किट बसवा, झालं. या इंजिनात लाइनरच नाही, बोअर थेट ब्लॉकमध्ये आहे. मूळ माप १०२ मिमी. १०२.११६ च्या वर गेला, ०.०३८ हून जास्त अंडाकार झाला किंवा वर-खाली ०.०७६ हून जास्त फरक आला की बोअरिंग. ओव्हरसाइज पिस्टन ०.५० आणि १.०० मिमीचे येतात. त्याच्या पुढं गेलं तर रिपेअर स्लीव्ह ठोकावी लागते, आणि तेव्हा दुसरा ब्लॉक पाहिलेला बरा. माप बोअर गेजनंच घ्या, तीन उंचींवर आणि दोन दिशांना. बोटानं कड चाचपून ‘ठीक आहे’ म्हणणाऱ्याकडे काम देऊ नका.

क्रँकचे मेन जर्नल (बिअरिंगमध्ये फिरणारे भाग) ८३ मिमीचे, कनेक्टिंग रॉडचे ६९ चे. घासले तर ०.२५ नं लहान बिअरिंग येते. घासल्यावर कडेची गोलाई तशीच ठेवायला सांगा. तिथं कोपरा काटकोनात आला की क्रँक तिथूनच तुटते. होनिंगनंतर ब्लॉक डिझेलनं धुतात ते चुकीचं आहे. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढरं फडकं आत फिरवून पांढरंच निघेपर्यंत धुवा आणि लगेच ऑइल लावा. डिझेलनं दगडाची पूड निघत नाही, ती नव्या रिंगा खाते.

हेड प्रेशर टेस्टला द्या, दोन व्हॉल्व्ह सीटांच्या मधे तडा जातो. कसताना मेन कॅपचे बोल्ट ६०, ११९, १७६ न्यूटन मीटर अशा तीन टप्प्यांत. रॉडचे ३५, ७०, १००. टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट थंड इंजिनावर, इनटेक ०.२५ आणि एक्झॉस्ट ०.५१ मिमी.

पुढची टायमिंग केस उघडली की आतली एक डॉवेल पिन पाहा. कंपनानं ती सैल होऊन गिअरमध्ये पडते आणि धडधाकट इंजिन एका मिनिटात संपते. पिन आत ठोकून वरून पत्र्याचा छोटा टॅब बोल्टखाली दाबायचा. एवढ्यासाठी वेगळं खोलणं महाग पडते, म्हणून आत्ताच करा.

पार्टचं म्हणाल तर हेच ५.९ इंजिन टाटाच्या ट्रकांत खूप वर्षं होतं. बिअरिंग, गॅस्केट, व्हॉल्व्ह, ऑइल पंप नागपुरात भेटते. पिस्टनमध्ये मात्र फसू नका. मरीनचा पिस्टन आणि ट्रकचा पिस्टन दिसायला सारखा, पण कॉम्प्रेशन आणि रिंगची घडण वेगळी असू शकते. इंजिनाच्या प्लेटवर सीपीएल नंबर असतो, म्हणजे त्या इंजिनाच्या पार्टच्या यादीचा नंबर. तो आणि सिरीयल नंबर दाखवूनच पिस्टन, टर्बो आणि नोझल मागवा. ट्रकचं हाफ इंजिन आणून टाकतो म्हणणारे येतील, त्यांनाही हाच नंबर विचारा.

काठावरचा_भंडारा:
माझं मत थोडं वेगळं आहे. ५४० एचपी तुम्हाला लागतात का?

पाण्यातली लांबी ३२ फूट धरली तर बोटीचा सहज वेग साडेसात नॉटच्या आसपास, म्हणजे १४ किमी. तिथपर्यंत टनाला ४-५ एचपी पुरतात, म्हणजे ८ टनांना ४०. वारं आणि उलटा प्रवाह धरून दुप्पट करा. ८०-१०० एचपीची दोन साधी मरीन डिझेल इंजिनं हे काम आरामात करतील, आणि योग्य लोडवर चालल्यामुळं चकाकीचा त्रासही कमी राहील. साडेतीन पटीचं कोटेशन २७० च्या जोडीचं असेल, लहान इंजिनांचं वेगळं मागवा.

पण नव्याच्या कोटेशनमध्ये न दिसणारा खर्चही लिहून घ्या. बेडची रुंदी आणि माउंटची उंची बदलते. गिअरबॉक्सचं गुणोत्तर बदललं की पंखा बदलतो, कधी शाफ्टही. एक्झॉस्टचा होज, मिक्सिंग एल्बो, डिझेलची रिटर्न लाइन, केबली, पॅनेल, सगळं नवं. एक उजव्या आणि एक डाव्या फिरण्याचा पंखा असतो, तो हिशेब गिअरबॉक्सवाल्याला आधीच सांगा. इलेक्ट्रॉनिक कॉमन रेल इंजिन घेऊ नका असं म्हणेन, कारण एखादा सेन्सर गेला तर लॅपटॉपवाला माणूस लांबून येईपर्यंत सीझन जाईल. आत्ताच्या मेकॅनिकल पंपाचं काम भंडारा-नागपुरात होते, ही या जुन्या इंजिनाची मोठी जमेची बाजू आहे.

आणि एचपी बदलणार असाल तर काम सुरू करण्याआधी सर्व्हेअरशी बोला. इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ खाली सर्व्हे आणि नोंदणी दोन्ही लागतात आणि इंजिन हा त्या नोंदीचाच भाग आहे. प्रवासी बसवता, तेव्हा हे नंतरवर ढकलू नका.

अंभोरा_घाट:
सगळ्यांचे आभार. तपासलं ते असं. टॅकोमीटर खरे निघाले. डाव्याचा आफ्टरकूलर गळतो, उजव्याचा ठीक. कॉम्प्रेशनमध्ये डाव्याचे दोन सिलिंडर बाकीच्यांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी; उजव्याचे सहाही ८ टक्क्यांच्या आत. ऑइल रिपोर्टमध्ये डाव्यात लोखंड आणि सोडियम जास्त, शिसं नाही. उजवा स्वच्छ. मेकॅनिकल गेजवर डाव्याचं आयडल प्रेशर १५ भरलं.

डिझेल_तुमसर:
मग दोन्ही बदलायचं कारण उरलं नाही आणि उजवं खोलायचंही नाही. डावं बाहेर काढा. संप (खालची ऑइलची टाकी) बोटीत निघत नाही, म्हणून जागेवर अर्धवट काम करू नका. गिअरबॉक्ससकट सहा-सातशे किलो धरा, घाटावर हायड्रा क्रेन लागेल. गळका कोअर नवाच घ्या, झाळकाम टिकत नाही. बोअर ०.५० मध्ये साफ निघाला तर बांधा. १.०० च्याही पुढं गेला तर सीपीएल जुळणारा ब्लॉक शोधा. तोही नाही भेटला, तरच काठावरचा_भंडारा म्हणतात त्या लहान जोडीचा विचार करा, आणि तेव्हा जोडीच बदला, एक नाही.

उजव्याला टॅपेट, नवा इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी चाक), आफ्टरकूलर ग्रीस, हीट एक्स्चेंजरच्या नळ्या रॉड घालून साफ. दोन्ही पंखे एकदमच पिचला द्या. समुद्रातल्या सवयीनं झिंकचे अ‍ॅनोड (बाकी धातू वाचवायला स्वतः झिजणारे तुकडे) असतील तर काढून मॅग्नेशियमचे लावा, गोड्या पाण्यात झिंकवर थर बसतो आणि ते काम करत नाही.

इकॉर्नियासाठी पाणी घेण्याच्या तोंडावर बाहेरून जाळी आणि आत मोठ्या भांड्याची गाळणी, रोज सकाळी उघडून पाहायची. एक्झॉस्टच्या पाण्यावर, मिक्सिंग एल्बोच्या आधी, अलार्म बसवा. गाळणी चोंदली की पाणी आधी थांबते, टेंपरेचरचा काटा नंतर चढतो. ९८ दिसेपर्यंत इम्पेलर जळालेला असतो आणि त्याचे तुकडे हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन अडकतात. मागच्या दोन वेळचे तुकडे तिथं आहेत का तेही पाहा.

इंजिन परत बसल्यावर शाफ्टचं अलाइनमेंट बोट पाण्यात दोन दिवस राहिल्यावरच करा, घाटावर केलेलं पाण्यात हलते. कपलिंगच्या दोन तोंडांमधला फरक फीलर गेजनं चारही बाजूंना ०.१ मिमीच्या आत. पहिल्यांदा चालू करताना स्टार्टर लांबवून मारू नका. इंजिन चालू होत नसेल तर पाण्याचा कॉक बंद ठेवा, नाहीतर मफलर भरून पाणी मागं टर्बोत शिरते. चालू झालं की आयडलवर ताटकळत ठेवू नका; पहिले २० तास अर्ध्या ते पाऊण लोडवर, आरपीएम बदलत. ५० तासांनी ऑइल आणि फिल्टर. रोज १४ किमीनंच चालणार असेल तर परत येताना दहा मिनिटं २२०० ला चालवत जा, रिंगा बसलेल्या राहतील.

अंभोरा_घाट:
पिच किती कमी करायचं? दोन्ही पंखे २२ बाय २४ आहेत.

लेथ_पवनी:
डाव्याला ३०० पाहिजेत, उजव्याला २५०. दोन्हीला दीड इंच, म्हणजे साडेबावीस. दोन इंच काढू नका. डावं बांधल्यावर त्याची ताकद परत येईल तेव्हा ते जास्त पळेल. आधी दीड करून, बोट भरून, पूर्ण रेसवर माप घ्या. कमी पडलं तर अर्धा इंच नंतरही काढता येते.