शब्दचर्चा : पॅकेटांचं ‘भारसंतुलन’ म्हणावं का?

केळीबाग, जळगाव : इंटरनेट पुरवणाऱ्या एका छोट्या ऑफिसात लिनक्सचं मशीन सांभाळतो. आठ कोअर, म्हणजे प्रोसेसरातले वेगवेगळं काम करू शकणारे आठ भाग. रात्री गिऱ्हाईक वाढलं की टॉप (मशीनवरचा भार दाखवणारा प्रोग्राम) लावून १ दाबतो, की एकेक कोअर वेगळा दिसतो. शून्य नंबरच्या कोअरचा ‘एसआय’ (मुख्यतः आलेली पॅकेटं हाताळण्यात जाणारा वेळ, टक्क्यांत) शंभराला टेकलेला, बाकीचे सात निवांत. केबल ओढणारा पोऱ्या मागून डोकावून म्हणाला, “एकच मरी ऱ्हायना, बाकीना बठेल शेतस.” नव्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहितोय. त्यात आरपीएसला (रिसीव्ह पॅकेट स्टीअरिंग, म्हणजे आलेली पॅकेटं, माहितीचे छोटे तुकडे, कोअरांत वाटायची लिनक्समधली सोय) ‘भारसंतुलन’ लिहिलं, तर कुणाला काही उमगलं नाही. दुसरा शब्द सुचवा.

पांझराकाठ, साक्री : भाऊ, अवघड आहे ते सोडा, आरपीएससाठी तो शब्दच चुकीचा आहे. संतुलन म्हटलं की तराजू दिसतो. इथे वजन कुणी करत नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि दोन्हीकडचे पोर्ट नंबर यांचा हॅश (ठरलेल्या सूत्राने निघणारा आकडा) काढायचा आणि त्यावरून कोअर ठरवायचा. तो कोअर रिकामा आहे की घामाघूम, चौकशी नाही. ही नुसती वाटणी.

तापीतीर, शहादा : मग ‘बारे देणे’ घ्या की. एक वाफा भरला की पाणी पुढच्या वाफ्यात. वावरात गेलेल्या पोराला लगेच कळेल.

पांझराकाठ : ताई, शब्द गोड आहे, पण घात करेल. बाऱ्यात पाणी पाळीपाळीने फिरतं. पॅकेटं तशी फिरवली, पहिलं याला, दुसरं त्याला, तर एकाच डाउनलोडची पॅकेटं मागेपुढे पोचतील. टीसीपीला (पॅकेटं क्रमाने पोचवायची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला) वाटेल मधलं हरवलं, आणि तेच पुन्हा मागवत बसेल. म्हणून एका प्रवाहाची सगळी पॅकेटं एकाच कोअरकडे जातात.

आमच्याकडच्या पाणी वाटायच्या जुन्या फड पद्धतीशी हे जास्त जुळतं. बंधाऱ्यातून पाट निघतो, एका फडात, म्हणजे शेतांच्या एका गटात, एकच पीक, आणि पाणी सोडतो पाटकरी. शेतकऱ्याने उठून स्वतः पाणी फोडायचं नाही. आरपीएसमधल्या ‘स्टीअरिंग’ला मी ‘वळवणे’ म्हणेन. पाटकरी दुसरं काय करतो?

केळीबाग : आणि एकाच गिऱ्हाइकाने एकाच कनेक्शनवर भली मोठी फाइल ओढली तर?

पांझराकाठ : तर तो कोअर तुंबणार. म्हणून तर संतुलन म्हणू नका म्हटलं.

जुना सिस्टीमवाला, भुसावळ : शब्दांआधी दुखणं बघा. गिऱ्हाइकं पीपीपीओईवर (लॉगिन करून नेट देण्याची पद्धत, यात पॅकेटावर आणखी एक वेष्टन चढतं) आहेत ना? बऱ्याच नेटवर्क कार्डांना त्या वेष्टनाच्या आतला आयपी पत्ता दिसत नाही, मग सगळं कार्डाच्या शून्य नंबरच्या क्यूत (आलेली पॅकेटं थांबतात ती जागा) येऊन पडतं. कार्ड स्वतः वाटतं ते आरएसएस, ते तिथेच आंधळं होतं. कर्नल, म्हणजे लिनक्सचा मुख्य प्रोग्राम, वाटतो ते आरपीएस. गूगलच्या टॉम हर्बर्टचं काम, २०१० साली लिनक्सच्या २.६.३५ आवृत्तीत आलं. कर्नल वेष्टन उघडून बघू शकतो. त्याच क्यूच्या ‘आरपीएस सीपीयूज’ फाइलीत शून्य असेल, म्हणजे बंद. आठ कोअरांसाठी एफएफ (आठही कोअर निवडणारा आकडा) लिहा.

आणि ‘संतुलन’ अगदीच हाकलू नका. आयआरक्यूबॅलन्स हा प्रोग्राम खरोखर कोअरांवरचा भार बघून इंटरप्ट (कार्डासारख्या भागांनी कोअरला मारलेल्या हाका) इकडचे तिकडे हलवतो. तिथे तो शब्द शोभतो.

तापीतीर : बरं, तुम्ही जिंकलात. पण कोअरला ‘गाभा’ तरी म्हणू या?

केळीबाग : ताई, जळगावात गाभा म्हटलं की केळीच्या खोडातला पांढरा कांडा. पोरं हसतील. कोअरच राहू द्या.

आत्ताच एफएफ लिहिलं. आठही रकाने हलायला लागले, शून्यवाला निम्म्याखाली आला. टिपणात ‘भारसंतुलन’ खोडून ‘पॅकेट वळवणे’ केलं, आरपीएसपुढे कंसात ‘पाटकरी’. पोऱ्या विचारतोय, मग क्यूला पाट म्हणायचं की रांग?

पांझराकाठ : रांग. पाटात पाणी थांबत नाही, क्यूत पॅकेट थांबतं.