मदत हवी आहे: सपाट रस्त्यावर सरासरी वेग ताशी 20 किमीच्या वर जात नाही, 200 किमीची राइड जमेल का?

नमस्कार मंडळी. मी दर्यापूर तालुक्यातली, वय 37, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दीड वर्षापासून नेमाने सायकल चालवते. जुनी घेतलेली गिअरची हायब्रिड आहे, सरळ हँडल, 38 मिमी रुंदीचे टायर. पहाटे साडेपाचला निघायचं, अकोट रस्त्याने 20 किमी जायचं आणि परत फिरायचं, आठवड्यातून चारदा.

डिसेंबरात 200 किमीची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, करायची मनात आहे. त्यासाठी शहरातल्या एका ग्रुपमध्ये विचारलं, तुमच्यासोबत दोन-तीन मोठ्या राइडला येऊ का. उत्तर आलं, "सपाटीवर 25 चा ॲव्हरेज नसेल तर येऊ नका, सगळ्यांना थांबावं लागतं." त्यांची अडचण मला कळते. पण तेव्हापासून सायकलवर बसलं की नजर सारखी आकड्यावरच जाते.

आमचा पयनघाट, म्हणजे पूर्णा नदीच्या खोऱ्यातला भाग, ताटासारखा सपाट. चढ म्हणाल तर नाल्यावरच्या पुलाचा, तेवढाच. घाटात वेग पडला असता तर समजलं असतं, इथे कशानं पडतो? ऑगस्टातले माझे आकडे असे आहेत: जाताना 16, येताना 26. दोन्हींच्या मधला आकडा 21 ना? ॲप मात्र 19.8 दाखवतं. मग ॲप चुकतं की मी?

दुसरं, हौशी माणसाचा सपाट रस्त्यावरचा साधारण वेग किती असतो, हे कुणी प्रामाणिकपणे सांगेल का? नेटवर जो तो 30 आणि 32 लिहितो.

परवा सातवीतली एक मुलगी साध्या सायकलवर, मागे कॅरिअरला दुधाची कॅन बांधून, दोन किलोमीटर माझ्या बाजूनं आली. "मॅडम, तुम्ही रोज कुठं जाऊन राहिल्या?" म्हणाली. मी सांगितलं, दोनशे किलोमीटरची तयारी करते आहे. "एका दिवसात?" म्हणून तिनं ब्रेकच दाबला. दुपारपर्यंत सगळ्या शाळेला माहीत झालं. आता मला ही राइड करायचीच आहे.

दोनशेवाला: ताई, आधी मुख्य गोष्ट. 200 च्या बीआरएमला वेळ मिळतो साडेतेरा तास. चहा, जेवण, पंक्चर, कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी) शिक्का, सगळं त्यातच. म्हणजे सरासरी 15 च्या आत. तुमच्या 19.8 नं नुसतं चालवायला 10 तास 6 मिनिटं लागतील, थांबायला 3 तास 24 मिनिटं उरतात. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर काढतच नाहीत. वेळेत आलेले सगळे सारखे. माझी पहिली 200 मी 12 तास 50 मिनिटांत केली. सायकलवर असताना वेग 21 होता. उरलेला वेळ मी धाब्यांवर घालवला. वेगापेक्षा थांबणं आवरा.

विज्ञानाचा मास्तर: मॅडम, ॲप बरोबर आहे. 20 किमी 16 नं गेलात म्हणजे सव्वा तास. येताना 26 नं 46 मिनिटं. एकूण 40 किमीला 2 तास 1 मिनिट, म्हणून 19.8. हळू चालवताना तुम्ही जास्त वेळ रस्त्यावर असता, म्हणून सरासरी तिकडे झुकते. वर्गात हे उदाहरण घ्या, मुलांना कायम लक्षात राहील.

आता वेग कशानं पडतो ते. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून येतो आणि तुम्ही अकोटकडे जाताना थेट त्याच्या तोंडात शिरता. सपाटीवर घाटाचं काम वाराच करतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनानं. तुमचं आणि सायकलचं वजन मिळून 75 किलो धरलं, सरळ हँडलवर ताठ बसणं धरलं, तर माझ्या ढोबळ हिशोबानं वारा नसताना 20 ला सुमारे 85 वॅट लागतात, 25 ला 140 आणि 30 ला 220. म्हणजे 20 वरून 25 वर जायला वेग सव्वापट, पण मेहनत दीडपटीच्याही वर. ताशी 10 किमीचा वारा समोरून असेल तर त्याच 85-90 वॅटमध्ये तुम्ही 16 वर येता, आणि तोच पाठीवर असला की 26. तुमचे आकडे बघा, नेमके हेच आहेत. जाताना-येताना तुमची मेहनत सारखीच आहे. पाय कमी पडत नाहीत.

साधारण वेगाचं म्हणाल तर मी आजूबाजूला जे पाहतो ते असं: हायब्रिडवर नवा माणूस 16 ते 20. दोन-तीन वर्षं नेमानं चालवणारा, रोड बाइकवर (बारीक टायरच्या वेगवान सायकलवर), एकटा, 24 ते 28. एकट्यानं तासभर 30 धरणारे हौशी थोडे आहेत आणि त्यांनी त्यासाठी फार घाम गाळलेला असतो. ग्रुपचा 28-30 हा वेगळाच आकडा आहे. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की पाव ते तृतीयांश मेहनत वाचते. तो वेग एकट्याच्या वेगाशी लावूच नका.

पूर्णाकाठ: ताई, टायरची हवा किती ठेवता? दुकानात अंगठ्यानं दाबून "फिट्ट झाली" म्हणतात, त्याचा भरवसा नाही. काटा असलेला पंप घ्या. दुसरं, सीटची उंची. टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या, गुडघा सरळ व्हायला पाहिजे. आपल्याकडे पाय टेकावा म्हणून सगळेच सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखून राहिले म्हणतात.

आणि रस्ता. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे आपल्या रस्त्यांना लाटा पडतात. प्रत्येक लाटेवर थोडा वेग जातो. एकदा मूर्तिजापूरकडे उतरून 53 नंबरच्या महामार्गावर मोजून बघा. लोणी ते माना एका पदराचं 75 किमी डांबर जून 2022 मध्ये 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम केला होता, तोच रस्ता. कडेची पट्टी धरून, सकाळी लवकर, ट्रक वाढायच्या आत. समृद्धीवर मात्र सायकलला परवानगी नाही, कुणी सांगितलं तरी जाऊ नका.

पाणी घरूनच न्या. आपला खारपाणपट्टा, हातपंपाचं पाणी घशाखाली उतरत नाही. दोन बाटल्या, एकीत लिंबू-मीठ-साखर.

शिक्षिका (धागाकर्ती): सर, दादा, तुमचे आभार कसे मानू. वाऱ्याचं वाचलं आणि तडक गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या ओढणीकडे बघत बसले. ती अकोटच्या उलट दिशेलाच फडफडत होती. पावसाळाभर पहाटे तोच वारा तोंडावर घेतला आणि नाव दिलं माझ्या पायांना.

हवा मोजली. मागच्या टायरला काटा 28 वर थांबला, पुढच्याला 31 वर. टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत 50 ते 75 लिहिलंय, ते आजवर कधी वाचलंच नव्हतं. 55 भरली. सीट टाचेनं मोजली तर चार बोटं वर न्यावी लागली. पहिल्या दिवशी उतरताना पाय चाचपडला, आता सवय झाली.

काल तोच रस्ता, वारा जवळपास तोच. जाताना 17.4, येताना 27.1, एकूण 21.2. धापही कमी होती. रविवारी 100 करून बघणार आहे, ठरवून दोनच ठिकाणी थांबायचं, एकेक वीस मिनिटं.

एक विचारायचं राहिलं. सहाला सुरू झाली तर साडेतेरा तास म्हणजे संध्याकाळचे साडेसात, आणि डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास अंधार पडतो. दीड-दोन तास अंधारात, बिनदिव्याच्या बैलबंड्या आणि कापसाच्या ट्रॉल्यांमधून. समोरचा दिवा किती उजेडाचा घ्यावा, आणि एकदा चार्ज केला की तीन तास खात्रीनं चालेल असा कुणी वापरला आहे का?

दोनशेवाला: ताई, 400 ल्युमेनच्या खाली घेऊ नका, आणि मधल्या उजेडावर तो किती तास चालतो ते विकत घ्यायच्या आधी विचारा, पूर्ण उजेडावरचं नाही. मागे लाल दिवे दोन लावा, एक बंद पडला तरी दुसरा असतो. चमकणारं जॅकेट हवंच. मी माझ्याकडचा दिवा रात्रभर लावून ठेवतो आणि किती तास टिकला ते उद्या इथेच लिहितो.